तुम्ही विचारलंत म्हणून: अंगठी, अस्तंबा आणि माय

शाळेतले सहकारी विचारतात, शेजारी विचारतात, गेल्या भाऊबीजेला बहिणीनंही विचारलं. ‘दादा, तुला जादूचे सिनेमे अजिबात आवडत नाहीत, मग दर दिवाळीत तीन रात्री त्या अंगठीसमोर का बसतोस?’ दरवेळी ‘पोरांसाठी’ म्हणून सुटका करून घेत होतो. ते पूर्ण उत्तर नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

तो सिनेमा म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. भाग तीन. पहिला १७८ मिनिटांचा, दुसरा १७९, तिसरा २०१. बेरीज ५५८, म्हणजे ९ तास १८ मिनिटं. पुण्याहून भावाची पोरं धनत्रयोदशीला शहाद्याला येतात आणि त्याच रात्री पहिला भाग लागतो. पुतणीला तो इंग्रजीतच हवा असतो. पण आमच्या मायला कळला पाहिजे म्हणून हिंदीतला लावतात. या एका बाबतीत घरात वाद होत नाही.

मला हे सिनेमे आवडत नाहीत हे खरंच आहे. मी गणित शिकवतो आणि गृहीतक मध्येच बदललेलं मला चालत नाही. काठी आपटली की उजेड पडतो अशा जगात कुणी संकटात सापडलं तरी माझा जीव खालीवर होत नाही, कारण ऐनवेळी मोठा गरुड येऊन त्याला उचलून नेईल असं मला वाटत राहतं. आणि तो येतोच, पहिल्या भागातही आणि शेवटच्या भागातही. पहिल्या भागात गँडाल्फ नावाचा जादूगार म्हातारा अंधाऱ्या दरीत पडतो. पुतणी तेव्हा लहान होती, हुंदके देऊन रडली. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या भागात, तोच म्हातारा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत परत हजर! मला त्याचा राग आला होता आणि तो अजूनही गेलेला नाही. पोरीला इतकं रडवायचं आणि मग गेलेला माणूस असा परत आणायचा, हे मला पटत नाही.

बाकीच्यांचं माझ्यासारखं नाही. बाबा आयुष्यभर केळी आणि पपईत राबले. त्यांना त्या बुटक्या लोकांचं हिरवंगार गाव फार आवडतं. तो डोंगर, ती कुरणं न्यूझीलंडची आहेत असं पोरांनी सांगितलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘तिथं पाऊस किती पडतो?’ दुसऱ्या भागात चालणारी-बोलणारी झाडं युद्धाला जायचं की नाही यावर विचार करत बसतात आणि तासन्‌तास एकमेकांना नुसता रामराम घालतात. तिथे बाबा म्हणाले, ‘आपली ग्रामसभा यापेक्षा लवकर उरकते.’ सगळे हसलो. मग बाबांना झोप लागली. त्यांना झोप तिथेच लागते.

आणि माय. ती पडद्यासमोर खाली पाट घेऊन बसते आणि दिवाळीच्या वाती वळते. मांडीवर कापूस, बाजूला वाटीत थोडं दूध. त्यात बोटं बुडवायची आणि वात पिळायची. नजर टीव्हीवर असते, बोटं आपोआप चालतात. सिनेमा गंभीर झाला की बोटांचा वेग कमी होतो. हे मला दुसऱ्या वर्षी लक्षात आलं. तेव्हापासून मी पडदा कमी आणि मायची बोटं जास्त बघतो.

मायचं माहेर शिंदखेड्याकडचं, बोली अहिराणी. तिला कोणता राजा कुणाच्या बाजूनं लढतो याच्याशी घेणं नाही. तिचा प्रश्न एकच: ‘हाऊ पोऱ्या जेवना का?’ ‘हा पोरगा जेवला का?’ दुष्ट जादूची अंगठी जळत्या डोंगरात टाकून संपवायला निघालेल्या फ्रोडो या बुटक्या पोराबद्दल ती हे दर अर्ध्या तासाला विचारते. आणि खरं सांगतो, या सिनेमात त्याला उत्तर आहे. सॅम नावाचा त्याचा सोबती पाठीवर तवे-भांडी बांधून चालतो. जंगलात सशाचा रस्सा करतो. शेवटच्या टप्प्यात उरलेली रोटी स्वतः न खाता फ्रोडोला देतो. मायच्या लेखी या सगळ्या गोष्टीचा नायक सॅम आहे. तिसऱ्या भागात अंगठीच्या मागे लागलेला गॉलम नावाचा प्राणी ती रोटी कड्यावरून फेकून देतो आणि तिचा चुरा झोपलेल्या सॅमच्या अंगावर टाकून चोरीचा आळ त्याच्यावर आणतो. फ्रोडो ते खरं मानतो आणि सॅमला माघारी जायला सांगतो. पहिल्या वर्षी तिथे माय वाती तशाच टाकून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. ‘भाकर टाकी दिनी रे त्यानी!’ एवढंच म्हणाली. पुतण्यानं हाका मारल्या, सॅम परत येतो असं शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे आली.

आता त्या गॉलमबद्दल, कारण माझं खरं उत्तर तिथे आहे. गॉलम म्हणजे हाडं दिसणारा, टकलावर चार केस असलेला, दोन हात दोन पायांवर रांगणारा प्राणी. कधीकाळी तोही फ्रोडोसारखाच साधा बुटका होता. वाढदिवसाच्या दिवशी मासे धरायला गेला, भावाला नदीत अंगठी सापडली, तिच्यासाठी त्यानं भावाचा गळा दाबला. पुढे पाचशे वर्षं गुहेत काढली. मरण येईना आणि अंगठी सुटेना. मग तीही हरवली, आणि तो तिच्यामागे वणवण फिरू लागला. पहिल्यांदा तो नीट दिसला तेव्हा पोरं किंचाळली. मायची बोटं थांबली. तिनं विचारलं, ‘हाऊ कोन शे?’ पुतण्यानं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘हाऊ ते आपला अस्तंबाना शे.’ हा तर आपल्या अस्तंब्याचा आहे.

इकडचे नसाल तर सांगतो. अस्तंबा हे नंदुरबार जिल्ह्यात, धडगावकडच्या सातपुड्यातलं शिखर. तिथे अश्वत्थामा राहतो अशी श्रद्धा आहे, आणि ऐन दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, त्याची यात्रा भरते. आदिवासी बांधव रात्रीतून डोंगर चढतात. आमच्याकडे सिनेमा चालू असतो तेव्हा भाविकांच्या गाड्या तळोद्याच्या दिशेनं जात असतात. अश्वत्थाम्यानं झोपलेली लेकरं मारली, म्हणून त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला आणि मरण न येण्याचा शाप मिळाला. ती जखम भरत नाही. तिच्यावर घालायला तो दारोदार तेल मागत फिरतो.

मायच्या लहानपणी तिची आई सांगायची, डोक्याला फडकं बांधलेला कुणी तेल मागायला आला तर त्याला हाकलायचं नाही. पाप केलं ते केलंच, ते माफ नाही. पण दारात आला तर पळीभर तेल द्यायचं. दुसऱ्या वर्षी माय हे सांगत असताना पडद्यावर गॉलम कच्चा मासा दगडावर आपटत होता आणि खोलीत कुणी हसत नव्हतं. पुतणी मला बिलगून बसली होती. तिनं विचारलं, ‘आजी, मग तू गॉलमला तेल दिलं असतंस?’ माय म्हणाली, ‘दिलं असतं. वर भाकरही दिली असती. मग सॅमची कशाला फेकली असती त्यानं?’

मी गणिताचा माणूस. जादू खोटी म्हणून बाजूला सरलो होतो, आणि अंगठी नि मणी ही एकाच रकमेची दोन रूपं आहेत हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. शाळेत न गेलेल्या मायला ते पाच मिनिटांत दिसलं. पुढच्या वर्षी मी पहिला भाग जरा कान देऊन ऐकला, तर गँडाल्फ गुहेत फ्रोडोला गॉलमची कीव करायला सांगतो. ते माझ्या कानावरून आधी दोनदा गेलं असणार.

पुतण्या या विषयातला जाणकार. त्यानं आजीला मोबाइलवर दाखवलं की गॉलम हा अँडी सर्किस नावाच्या नटाच्या हालचाली टिपून संगणकावर केलेला आहे. मायनं ते चित्र बराच वेळ पाहिलं. ‘ऱ्हावू दे,’ म्हणाली, ‘त्याना डोया खरा शेतस.’ डोळे खरे आहेत. मी त्या पोराकडे बघितलं, तर त्यानं मान डोलावली.

तिसऱ्या भागाला ११ ऑस्कर मिळाले, ११ नामांकनांपैकी ११. पोरं हे दरवर्षी सांगतात. मला त्यातली एक जागा ठाऊक आहे. जळत्या डोंगराच्या काठावर पोचल्यावर फ्रोडोला अंगठी टाकवत नाही. गॉलम त्याचं बोट चावून तोडतो, अंगठी मिळवतो आणि तिच्यासकट खाली पडतो. पडतानाही तो तिच्याकडे बघून आनंदात असतो. त्या वेळी मायच्या मांडीवरची वात अर्धी पिळलेली राहते. गेल्या दिवाळीत ती हळूच म्हणाली, ‘सुटना बिचारा.’ सुटला बिचारा. अस्तंब्याचा अजून सुटलेला नाही हे तिनं सांगितलं नाही, पण आम्हा सगळ्यांना ते ऐकू आलं. बाहेरून एक जीप माणसं भरून गेली. आत अजून राज्याभिषेक, लग्न, निरोप बाकी होते. त्या सिनेमाचा शेवट संपता संपत नाही.

मायनं वाती मोजल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि पुतण्याला म्हणाली, ‘पुढच्या साली तो पहिला भाग राहू दे. हाऊ गॉलम ज्याच्यात जास्त शे, तिथून लाव.’ पोरगा वाद घालायला लागला, की पहिल्याशिवाय काही कळणार नाही. अजून फोनवर तेच चाललंय दोघांचं.