सॅक्स्टनच्या नकाशात रस्ते नाहीत

गेले चार महिने मी एकाच नकाशावर बसले आहे. ख्रिस्तोफर सॅक्स्टन या इंग्रज नकाशाकाराने केलेला, इंग्लंडमधल्या नॉरफॉक काउंटीचा, १५७४ सालचा. मूळ छाप्याचं स्कॅन मोठं करून त्याच मापात छापून घेतलं, ट्रेसिंग कागदाच्या पाठीवर पेन्सिल घासून रेघा सुती कागदावर उतरवल्या आणि आता टाकाने शाई आणि मग जलरंग.

परवा भाचा टेबलापाशी आला, बराच वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, रस्ते राहिलेत की तुझे काढायचे."

राहिले नाहीत. सॅक्स्टनने काढलेच नाहीत. इंग्लंड आणि वेल्सच्या नकाशांचा त्याचा संग्रह १५७९ मध्ये पूर्ण झाला, पण त्यात कुठेही रस्ता नाही. नद्या आहेत, पूल आहेत, उंदराच्या बिळावर माती साचावी तशा टेकड्या आहेत, जमीनदारांची हरणं पाळायची राखीव रानं तर गोल कुंपण घालून एक-एक दाखवली आहेत. त्या रानांचं कुंपण काढताना खुंट न् खुंट वेगळा येतो. ज्यांच्यासाठी नकाशे झाले त्यांना काय बघायचं होतं, ते मला त्या खुंटांनीच सांगितलं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला माझाही हात शिवशिवला होता. नॉरिच शहरापासून यारमथ बंदरापर्यंत एक बारीक तुटक रेघ, कुणाला कळणार होतं? पण नक्कल करायला बसलं की आपल्याला जास्त कळतं हे विसरावं लागतं. किनारा जिथे वाकडा गेलाय तिथे वाकडाच जायला हवा. गावाचं स्पेलिंग आज वेगळं असलं तरी जुनंच हवं. एकदा मी एका नावातलं अक्षर नकळत आजच्यासारखं लिहून बसले. शाई वाळल्यावर ते ब्लेडच्या टोकाने खरवडलं, कागद नखाने घोटून गुळगुळीत केला, तरी त्या जागी रंग जरा गडद बसलाच.

हा माणूस फिरला कसा असेल, हे मला सारखं वाटत राहतं. १५७६ मध्ये तो वेल्सकडे निघाला तेव्हा राणी एलिझाबेथच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे सल्लागार मंडळाने, तिथल्या अधिकाऱ्यांना पत्र दिलं होतं: याला मनोऱ्यावर, किल्ल्यावर, उंच टेकडीवर घेऊन जा, मुलूख माहीत असलेली दोन-तीन भरवशाची माणसं सोबत द्या, आणि पुढच्या बाजारगावापर्यंत इंग्रजी आणि वेल्श दोन्ही बोलणारा घोडेस्वार द्या. म्हणजे उंचावर उभं राहायचं, आणि सोबतचा माणूस बोट दाखवून सांगणार, ते अमुक गाव, ते तमुक. गावाच्या जागी एवढंसं चर्च काढताना मला ते बोटच दिसतं.

रंगाचं बोलायचं तर पहिला कागद मी घालवला. शाई पाण्याला टिकणारी नव्हती. हिरवा हात फिरवला आणि अख्खा किनारा राखाडी होऊन समुद्रात उतरला. जुने रंगारी कागदाला आधी तुरटीचं नाहीतर सरसाचं पाणी देत, म्हणजे रंग कागदात शिरून पसरत नाही. आता मी तयार सायझिंग केलेलाच कागद घेते आणि शाई दोन दिवस वाळू देते. सीमेची रेघ तर सगळ्यात अवघड. कडेला रंग भरून घ्यायचा आणि तो ओला असतानाच स्वच्छ ओल्या ब्रशने आत ओढत न्यायचा, इतका की आत कुठे संपला ते दिसू नये. जरा उशीर झाला की कड धरते.

त्या काळचा हिरवा बहुतेकदा तांब्याच्या गंजापासून केलेला. तो कालांतराने कागद खातो. जुना नकाशा हातात आला की जाणकार आधी पालथा करून बघतात: हिरव्याच्या मागे तपकिरी डाग उमटलेत का? मी साधा सॅप ग्रीन वापरते, त्यात चिमूटभर तपकिरी. पाठ कोरी राहील.

रंगाऱ्यांची नावं सहसा कुठेच सापडत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. ऑर्टेलियससारखा एखादाच. १५७० मध्ये जगाचा ॲटलास काढणारा हा माणूस १५४७ मध्ये अँटवर्पच्या चित्रकार संघात दाखल झाला तो नकाशे रंगवणारा म्हणून. आणि स्वतःच्या ॲटलासमध्ये त्याने इतर नकाशाकारांच्या नावांची यादीच छापली.

ज्यावरून नॉरफॉकचा नकाशा छापला तो तांब्याचा पत्रा कोरला कॉर्नेलिस द होख या डच माणसाने. नऊ वर्षांनी, १५८३ मध्ये, हेगमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला ठार केलं. हे वाचलं त्या दिवशी मी काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी आधी त्याचं नाव काढलं, जसंच्या तसं, सगळ्यात बारीक निबने. माझं नाव मागच्या बाजूला पेन्सिलने येईल.

आता समुद्र उरलाय. तो सगळा ठिपक्यांचा आहे. रोज तळहाताएवढाच होतो, त्यापुढे हात थरथरतो आणि ठिपक्यांच्या शेपट्या होतात.