मुळेच्या पात्रातला रविवार

आदेशातला आकडा होता ८.६०३ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस निघालेल्या त्या कागदात तो फोडूनही दिला होता. मुळा २.१०, भंडारदरा-निळवंडे-आढळा मिळून ३.३६, गंगापूर समूह ०.५ आणि दारणा समूह २.६४३. एवढं पाणी नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी सोडायचं. शेवटचा ‘३’ वाचून आमचे कालवा निरीक्षक हसले. म्हणाले, “साहेब, हे तीन तर आपल्या बंधाऱ्याखालच्या खड्ड्यांतच जिरतील.”

ते चेष्टा करत नव्हते. ०.००३ टीएमसी म्हणजे तीस लाख घनफूट. मुळेच्या पात्रात वाळूउपशानं पडलेले खड्डे ज्यांनी पाहिलेत त्यांना हा आकडा मोठा वाटणार नाही.

तेव्हा मी मुळा धरणाच्या खालच्या अंगाला पाटबंधारे खात्याच्या एका शाखेवर होतो. पावसाळा सरला की नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत फळ्या टाकायच्या, शेवटचं वाहतं पाणी अडवायचं, हे दर ऑक्टोबरचं ठरलेलं काम. त्या वर्षी टाकलेल्या फळ्या नोव्हेंबरातच काढायला निघालो होतो. वरून सोडलेलं पाणी अडलं तर ते पैठणला, जायकवाडी धरणात, पोचायचं कसं? नदीकाठच्या मोटारींची थ्री फेज वीज बंद, बंधाऱ्यावर पोलीस, आणि पलीकडच्या काठावर गाव.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २००५च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्यांनी तूट सारखी सोसायची, असं कलम आहे. त्याला धरून मेंढेगिरी समितीनं कुठल्या धरणानं किती पाणी द्यायचं याचं कोष्टक बसवलं आणि २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं ते आदेशात उतरवलं. त्या आदेशाप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा हिशोब करायचा. खरिपाचा वापर धरून उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांनी कोष्टकाप्रमाणे पाणी द्यायचं. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ठरला होता. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, निम्माही भरला नव्हता. छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याचं पिण्याचं पाणी त्याच धरणातून जातं. त्यामुळे पाणी सोडावं लागणार हे सप्टेंबरातच आम्हाला कळून चुकलं होतं.

आता तो रविवार, २६ नोव्हेंबर.

आमच्या एका बंधाऱ्याच्या वरच्या फळ्या निघाल्या होत्या, तळातल्या निघेनात. लोखंडी फळी, दोन्ही बाजूंना खाच, खाचेत वर्षानुवर्षांचा गाळ आणि वाहून आलेल्या वेड्या बाभळीच्या फांद्या. चेन पुली लावली तर साखळी कुरकुरायची, फळी हलायची नाही. शेवटी भाड्यानं हायड्रा क्रेन आणली. तिचा चालक फळीच्या कडीत हूक अडकवून इंच इंच ओढत होता. फळी सुटली की फटीतून पाण्याचा झोत एकदम खाली पडायचा आणि काठावरून कुणीतरी शिवी हासडायचं. शिवी मला नव्हती असं समजून मी नोंदवही लिहीत होतो.

गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. सगळे त्यांना तात्या म्हणत होते, मीही तेच म्हणालो.

“साहेब, आमच्या डोळ्यांदेखत पाणी चाललंय आन् आमच्या मोटारींना लाईट नाही. ऊस ठेवा बाजूला, कांद्याची रोपं पाहिलीत का?”

“पाहिलीत तात्या. पण खाली प्यायला पाणी लागणार आहे.”

“प्यायला द्या की. आम्ही नाही म्हणलो का? तिकडं ऊस नाही व्हय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिकडेही ऊस आहे. मी खिशातून आदेशाची प्रत काढून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, नातवाला मोबाईलमध्ये फोटो काढायला सांगितला आणि परत दिली. कोष्टकाला लोक कितीही नावं ठेवोत, हातात दाखवायला एक कागद असणं काय असतं ते बंधाऱ्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कागद नसता, तर त्या दिवशी ज्याच्यामागे जास्त माणसं त्याचं पाणी, असाच न्याय झाला असता.

दुपारी धरणातून सोडलेल्या पाण्याचं तोंड आमच्या बंधाऱ्याशी आलं. पूर यावा तसं ते येत नाही. आधी फेस, मग प्लास्टिकच्या बाटल्या, जलपर्णीचे तुकडे आणि त्यांच्यामागे गढूळ पाण्याची जीभ. ती फळ्या काढलेल्या गाळ्यांतून खाली उतरली आणि पहिल्या खड्ड्याशी थांबली. खड्डा भरायला किती वेळ लागला ते आम्ही घड्याळ लावून पाहिलं नाही, पण तेवढ्यात सगळ्यांचा चहा झाला. तो भरून वाहिला, पाणी पुढे सरकलं, की दुसरा खड्डा. धरणाच्या दारावर विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असा, लिहिला जातो. साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास चालले तर एक टीएमसी. पण दारावरचा हिशोब आणि पात्रातला हिशोब यांत असे खड्डे असतात, आणि तेवढ्यासाठी कोष्टकात रकाना नाही.

सकाळपासून आभाळ भरलेलंच होतं. हवामान खात्याचा इशाराही होता. तरी नोव्हेंबरच्या शेवटी काय पडून पडणार, अशा भरवशावर आम्ही होतो. संध्याकाळी जे सुरू झालं त्यानं काठावरची गर्दी पाच मिनिटांत पांगली. ज्याचा कांदा उघड्यावर, तो कांद्याकडे पळाला. पारनेर, अकोले, निफाडकडे गारा पडल्याचे फोन येऊ लागले. हायड्रा काळ्या मातीत रुतली ती रुतलीच. पोलिसांची गाडी आणि आम्ही एका पत्र्याच्या शेडखाली.

रात्री पातळी मोजायच्या पट्टीवर पाणी चढलेलं दिसलं. लगोलग नियंत्रण कक्षातून फोन आला. धरणातून विसर्ग वाढवलेला नाही, मग तुमच्याकडे पाणी कसं वाढलं? मी सांगितलं, दोन्ही काठांचे ओढे आलेत. “मग ते वेगळं लिहा.” टॉर्चच्या उजेडात, वाहत्या नदीत, धरणाचं पाणी आणि ओढ्याचं पाणी वेगळं लिहायचं! तरी आम्ही ओढ्यांच्या तोंडाशी जाऊन उंची-रुंदी घेतली, अंदाजे वेग धरला आणि एक तक्ता केला.

दुसऱ्या दिवशी काठावर वाद बदलला होता. आता पाऊस झालाच आहे, तर धरण बंद करा, असं गाव म्हणत होतं. पैठणकडचा एक ओळखीचा अभियंता फोनवर म्हणाला, पाऊस पडला तो पडला, आमचं आदेशातलं पाणी मोजून द्या. नियमानं तोच बरोबर होता. पाणी धरणाच्या दारावर मोजायचं असतं. धरणाखाली पडलेला पाऊस कुणाच्याच खात्यावर जमा होत नाही. पण तात्यांचं म्हणणंही मला खोटं वाटलं नाही. ओलं पात्र पाणी कमी पितं, आणि अवकाळीनं ते फुकटात ओलं करून दिलं होतं.

माझी तक्रार कोष्टकाशी नाही, त्याच्या वेळेशी आहे. हिशोब १५ ऑक्टोबरचा, आदेश महिनाअखेरचा आणि पाणी सुटलं नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मधले दिवस आंदोलनं आणि कोर्टकचेऱ्यांत गेले. १६ ऑक्टोबरला सोडलं असतं, तर पात्रात ओल होती, झरे वाहत होते, आणि बंधाऱ्यात फळ्या टाकून पुन्हा काढायची वेळही आली नसती. मागच्या पावसांवर बेतलेलं कोष्टक ऑगस्ट कोरडा जाणाऱ्या आणि नोव्हेंबरात गारा पडणाऱ्या वर्षालाही चालवायचं असेल, तर निदान निर्णय ते पाणी हे अंतर दिवसांत बांधून द्यायला हवं. पात्रात जिरलेलं पाणी वाया जातं, हेही अर्धंच खरं. डिसेंबरात काठावरच्या विहिरींना पाणी चढल्याचं लोक स्वतः सांगत होते, फक्त मोटारी बंद होत्या त्या दिवसांबद्दल बोलताना सांगत नव्हते.

विसर्ग थांबल्यावर फळ्या परत टाकल्या. नदी तोवर बारीक झाली होती, बंधारा पूर्ण भरला नाही. तात्यांनी त्याबद्दल लेखी अर्ज दिला, मी पोच दिली.

सप्टेंबर २०२४मध्ये जायकवाडी भरलं, दरवाजे उघडावे लागले आणि पाणी सोडायचा विषयच निघाला नाही. सप्टेंबर २०२५मध्ये तर त्याच दरवाजांतून दोन लाख क्युसेकच्या वर पाणी खाली गेलं आणि नदीकाठची शेतं वाहून गेली. दोन भरलेल्या वर्षांत खड्ड्यांचा नि ओढ्यांचा तो तक्ता कुणी मागितला नाही. माझी बदली झाली तेव्हा त्याची प्रत मी नव्या शाखाधिकाऱ्यांच्या हातात दिली आणि खड्डे कुठे कुठे आहेत ते त्यांच्यासोबत पात्रात फिरून दाखवलं. त्यातले दोन तोवर आणखी खोल झाले होते.