एकोणीस की अकरा : आमची वाटचाल

बंदुकांचं दुकान वडिलांनी १९६८ साली काढलं, ठाण्यात जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत. रुंदी एवढी की दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली तर एकाने बाहेर जाऊन थांबायचं. तेव्हा फळीवर वेब्ली आणि ग्रीनरच्या विलायती बंदुका असायच्या. १९८७ मध्ये मी गल्ल्यावर बसलो तोवर विलायती मालाची आयात बंद झालेली होती. इशापूरची .३१५ रायफल, खडकीची बारा बोरची काडतुसं आणि पुढे कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर, एवढ्यावर धंदा आला. हे सगळं धंद्यातल्यांना ठाऊक आहे.

मिस्त्रींबद्दल मात्र लिहायला हवं. ते वडिलांचे भागीदार. कागदावर नव्हे, शब्दावर. नफ्यातला चौथा हिस्सा त्यांचा, आणि मागच्या खोलीतला वाईस, म्हणजे नळी घट्ट धरायचा शिकंजा, पूर्णपणे त्यांचा. त्या वाईसच्या जबड्यांना त्यांनी म्हशीचं कातडं शिवलेलं होतं, म्हणजे नळीला ओरखडा जाऊ नये. पेचकस बाजारातला कधी वापरला नाही. प्रत्येक स्क्रूच्या खाचेप्रमाणे स्वतः कानशीने घासून केलेले एकवीस पेचकस, एका लाकडी ठोकळ्यात ओळीने उभे. आजही आहेत. त्यातला सात नंबरचा कोणी उचलून आठच्या भोकात ठेवला तर माझं डोकं फिरतं.

डबलबारी तपासायची त्यांची पद्धत सांगतो. दोन्ही नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करायच्या, खालच्या हुकात करंगळी घालून लोंबकळत धरायच्या आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारायची. नळ्या जोडणारा डाग पक्का असेल तर देवळातल्या घंटेसारखा नाद निघतो आणि रेंगाळतो. दोन नळ्यांमधली पट्टी कुठे सुटली असेल तर फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो. मिस्त्री डोळे मिटून ऐकायचे आणि बोट ठेवायचे, "इथं सुटलीय." मी चाळीस वर्षं प्रयत्न करतोय. मला घंटा आणि मडकं कळतं, जागा कळत नाही.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. मुरबाड-शहापूरकडचे शेतकरी ठासणीच्या बंदुका घेऊन यायचे, रानडुकरांपायी. भाताच्या दिवसांत तर रांग. आणि दुसरे बँकांचे गनमन, बहुतेक फौजेतून उतरलेले साताऱ्याकडचे लोक, स्वतःच्या परवान्याची बारा बोर खांद्याला. त्यातलेच आमचे सुभेदार. वागळे इस्टेटमधल्या एका बँकेच्या दारात ते बावीस वर्षं उभे होते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी दुकानात यायचे, चहा घ्यायचे, पुलथ्रू (नळी पुसायला आतून ओढायची दोरी) आणि चिंदी मागायचे. चिंदी फुकट द्यायला गेलो की रागवायचे. "बिल करा," म्हणायचे. दोन रुपयांच्या चिंदीचंही बिल. मी मनात हसायचो. ते हसणं पुढे महागात पडणार होतं, किंवा स्वस्तात म्हणा.

१९८८ ते २०११ धंदा बरा चालला. मुलांची शिक्षणं झाली, कळव्याचं घर विकून वर्तकनगरला घेतलं. लिहिण्यासारखं काही नाही.

२०१२ च्या जुलैत आमच्याविरुद्ध निनावी अर्ज गेला. दुकानात काडतुसांचा हिशेब लागत नाही, जादा माल काउंटरखालच्या पत्र्याच्या डब्यात असतो, असं त्यात लिहिलेलं. त्या डब्यात मिस्त्रींची तंबाखू असायची. पण डबा तिथे आहे हे बाहेरच्या एकाच माणसाला माहीत होतं. आमच्याच धंद्यातले एक गृहस्थ, ज्यांनी त्याच महिन्यात दुकानात बसून, त्याच डब्यातली तंबाखू मळून, "तुमच्याकडे गर्दी फार हो," असं म्हटलं होतं. नाव लिहीत नाही. पुरावा नाही, आणि निनावी अर्ज करणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही.

तपासणी झाली. डब्यात तंबाखूच निघाली. पण रजिस्टरप्रमाणे जितकी काडतुसं हवीत त्यापेक्षा आठ कमी भरली. तीन वेळा मोजली. मी घामाघूम, मिस्त्री भिंतीला टेकून. आठ काडतुसं म्हणजे किराणा दुकानातली आठ बिस्किटं नव्हेत. ती कुठे गेली याचं उत्तर नसेल तर माणूस आत जाऊ शकतो.

रात्री दोन वाजता सापडलं. मिस्त्रींच्या हातच्या एका नोंदीत सुभेदारांनी काडतुसं घेतल्याचं लिहिलं होतं. १९ की ११? मिस्त्रींच्या नऊची शेपटी इतकी आखूड की एकच वाटायचा. शिल्लक काढणं माझं काम. मी महिनाअखेरीला नव्या रजिस्टरात शिल्लक ओढताना अकरा वाचले होते. फरक बरोबर आठाचा. चूक माझी होती, आजही तेच म्हणतो. पण आता ती सांगणार कुणाला? नोंदीकडे बघून साहेबांना वाटलं, शेपटी मागाहून जोडलीय. बिलबुकातली कार्बनची प्रत माळ्यावर भिजून निळा डाग झालेली. सुभेदारांच्या परवान्यावर नोंद असणारच, पण जुनी पुस्तिका भरून कधीच जमा झालेली, आणि ते स्वतः नोकरी सोडून गावी गेलेले. ऑगस्टमध्ये शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली दुकानाचा परवाना निलंबित झाला. विक्री बंद, दुरुस्तीही बंद.

ते सात महिने. गल्लीतले लोक आधी विचारपूस करायचे, मग विचारायचेही बंद झाले. त्या वेळी एअरगनला परवान्याची भानगड नव्हती, म्हणून दारावर पाटी लावली : एअरगन, छर्रे, दुर्बीण. आणि कोण आलं? जत्रेतले फुगेवाले. त्यांच्या बंदुका म्हणजे तारेने बांधलेले दस्ते, वाकलेल्या नळ्या आणि आत कुजलेला चामड्याचा वॉशर. ज्या वाईसवर ग्रीनरची नळी चढली होती त्यावर मिस्त्रींनी त्या चढवल्या. वॉशर जुन्या पट्ट्याच्या चामड्यातून कापायचे, रात्रभर तेलात बुडवून ठेवायचे, सकाळी बसवायचे. एका बंदुकीचे ऐंशी रुपये. एकदा मी म्हटलं, "मिस्त्री, राहू द्या हो." त्यांनी वर न बघता सांगितलं, "स्प्रिंग ही स्प्रिंग असते."

डिसेंबरात ते गृहस्थ आले. पेढे घेऊन. वाईट वाटलं म्हणाले, आणि निघताना वाईसवर हात ठेवून विचारलं, "हा काढायचा असेल तर सांगा, चांगली किंमत देईन." त्यांनी परवाना मागितला असता, दुकान मागितलं असतं, तर मला एवढं लागलं नसतं. पेढे मी फुगेवाल्याच्या पोराला दिले.

फेब्रुवारीत सुभेदार आले. गावात कुणाकडून तरी कानावर गेलं होतं. रात्रीच्या एसटीने निघून सकाळी आठला दुकानाच्या पायरीवर बसलेले, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा. आत बावीस वर्षांची बिलं, वर्षावार रबर लावून. चिंदीची, तेलाची, सगळी. त्यांनी एक गठ्ठा सोडला, थुंकी न लावता एकेक कागद उलटला, आणि माझ्यासमोर ठेवला. वर्षाच्या पंचवीसपैकी सहा आधी घेतली होती, उरलेली एकदम उचलली. खाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं : नग १९, अक्षरी एकोणीस फक्त.

मार्चमध्ये परवाना सुटला. सुभेदारांना एसटीचं भाडं देऊ केलं. त्यांनी घेतलं, आणि तिकीट माझ्याकडे दिलं. "नोंद राहू द्या."

तेव्हापासून आमच्या रजिस्टरात आकडा आधी अक्षरी येतो. आता भाचा संगणकावरही भरतो, भरू दे.

प्रशिक्षणाचं वेड त्याच वर्षी लागलं. २०१३ चा दसरा, दुकान पुन्हा सुरू झाल्यावरचा पहिला. आमच्याकडे शस्त्रपूजनाला जुनी गिऱ्हाइकं आपापली हत्यारं घेऊन येतात. एक निवृत्त अधिकारी नातवाला घेऊन आले. पोर झेंडूची माळ नळीला गुंडाळत होतं, तोंड नळीसमोर. मी म्हटलं, "उघडा जरा." ते म्हणाले, "रिकामीच आहे हो, सोळा वर्षं पलंगाखाली आहे." मिस्त्रींनी बंदूक घेतली, नळी जमिनीकडे केली, कळ दाबून उघडली. दोन काडतुसं. पितळ हिरवं पडलेलं, पण जागच्या जागी. नखाने ओढून काढावी लागली. दुकानात कुणी बोललं नाही. आजोबा स्टुलावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारपासून वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये परवानाधारकांचा वर्ग सुरू झाला, महिन्याला एक. सुरुवातीला सात जण, आता अठ्ठावीस सभासद. दारात खिसे तपासतो, खरं काडतूस एकही आत नाही, सगळं डमीवर. गोळीबार करायचा तर परवानगी असलेल्या रेंजवर जावं. २०१६ च्या शस्त्र नियमांत नव्या अर्जदाराला प्रशिक्षण सक्तीचं झालं, एस-१ नमुन्यातला प्रशिक्षणाचा दाखला लागतो. तो आम्ही देत नाही, तो मान्यता असलेल्या प्रशिक्षकाकडूनच घ्यायचा. आम्ही शिकवतो ते दाखला फाइलला लावल्यानंतरचं. बंदूक उघडून दाखवल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. डोळ्यांवर विसंबायचं नाही, चेंबरात बोट घालून बघायचं. घरात बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत.

आणि ठाण्याच्या पावसात चामड्याच्या कव्हरात बंदूक ठेवणाऱ्याला काय म्हणावं? कव्हर मिरवायला असतं. चामडं ओल धरतं, चार महिन्यांत नळीवर गंज. सुती कापडात गुंडाळा, तेलाचा हात पातळ द्या. काडतुसांना तेल लावू नका, बुडाच्या टोपीत उतरलं तर वेळेला फुसकं निघेल. जुन्या डबलबारीचा चाप रिकामा ओढू नका, पिन तुटते आणि मग तुम्ही माझ्याकडे येता.

वर्गातूनच दुसरं काम वाढलं. लोक फाइली घेऊन येऊ लागले. आपल्याकडे हत्यार बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क नाही, हे मी पहिल्याच रविवारी सांगतो. वडील काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावाचा दाखला द्यायचे. त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगायचा हक्क लिहिला होता. तो ठरावातच राहिला. पण १९५९ चा कायदा म्हणजे काही नुसती मेहेरबानी नव्हे. कलम १४ सांगतं की मालमत्ता पुरेशी नाही एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही. नाकारलं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. कलम १८ खाली अपील आहे. शहापूरच्या शेतकऱ्याला कुणी हे सांगत नाही. एजंट सांगतो, "सेटिंग आहे, लाखभर लागतील." आम्ही अर्ज लिहून देतो, झेरॉक्सचे पैसे घेतो. निवडणूक आली की सरसकट सगळ्यांनी हत्यारं जमा करायची असं लोक धरून चालतात. स्क्रीनिंग कमिटीने ज्याची त्याची फाइल बघून ठरवायचं असतं, हे अर्जात लिहायला आम्हीच शिकवलं. काही वेळा उपयोग होतो, काही वेळा रांगेत उभं राहून जमा करावी लागते. रांगेत माझाही नंबर असतो.

२०१९ च्या नोव्हेंबरात विधेयक आलं : तीनऐवजी एकच हत्यार. हॉलमध्ये रविवार नसताना सगळे जमले. कुणाकडे आजोबांची बारा बोर, वडिलांचं रिव्हॉल्व्हर आणि स्वतःची रायफल; कुठली ठेवायची? रात्री बारापर्यंत खासदारांना पत्रं लिहिली, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने. आमच्या पत्रांनी दिल्ली हलली असं मी म्हणणार नाही, ओरड देशभरातून होती. पण डिसेंबरात कायदा झाला तो दोन हत्यारांचा, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. लग्नात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आली, ती आम्हाला हवीच होती. तिसरं हत्यार जमा करायला वर्षभराची मुदत मिळाली, आणि ते वर्ष निघालं २०२०. अर्धं वर्ष शटर खाली, आणि उघडलं तेव्हा लोक आजोबांच्या बंदुका चादरीत गुंडाळून दारात. काही जण रडले. ते बघायला मिस्त्री नव्हते, २०१७ मध्येच गेले.

ते गृहस्थ आहेत. दसऱ्याला जांभळी नाक्यावर झेंडू घेताना भेटतात, "काय म्हणतोय वाईस?" विचारतात. मी "बरा आहे" म्हणतो.

सुभेदार तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांची बंदूक मुलाने आमच्याकडे जमा केली, सोबत तो बिस्किटांचा डबाही ठेवून गेला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ती उघडतो, पुलथ्रू ओढतो, चिंदी फिरवतो, आणि चिंदीचं बिल करून डब्यात टाकतो. मुलगा ऐरोलीला राहतो, कंपनीत आहे, म्हणतो विचार करून सांगतो. आता अर्ज करायचा तर नवी मुंबईच्या आयुक्तालयाकडे जावं लागेल, ठाण्याकडे नव्हे. त्याच्या गावच्या पत्त्यावर दोनदा कार्ड टाकलं. वाचत असेल तर वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन यावं. शनिवारी दुकान दोनपर्यंतच असतं.