आई घसरतच नव्हती

माझी आई लातूरच्या एका वृद्धाश्रमात राहते, वय ८१. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत तीनदा पडली अन् तिन्ही वेळा फोनवर एकच ऐकायला मिळालं, फरशी ओली होती, पाय घसरला. मलाबी ते पटलं. बाथरूममधी रबरी मॅट टाकली, नवी चप्पल आणली, फरशी पुसली की वाळेपर्यंत आईला उठू देऊ नका म्हणून मावशींना हात जोडून सांगितलं. चौथ्यांदा पडली ती भर दुपारी, कोरड्या ठणठणीत हॉलमधी. मनगट मोडलं.

मग मी हटूनच बसले, हॉलचा कॅमेरा दाखवा. दोन चकरा मारायला लावल्या पण दाखवलं. आई खुर्चीपाशी येते, बसायला वळते, पाय अजून समोरच अन् अंग अर्धं फिरलेलं, एक हात मागं खुर्ची चाचपडायलाय, खुर्ची प्लास्टिकची, हलकी, हाताचा भार पडला तशी सरकली अन् आई खाली. घसरणं नाहीच कुठं!! पोटात गोळा आला माझ्या, इतके महिने आपण फरशीच धरून बसलो.

हाडाच्या डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं, तिथल्या मॅडमला हे सांगितलं तर त्यांना नवल नाही वाटलं. म्हणाल्या, कॅनडातल्या दोन वृद्धाश्रमांत १३० जण मिळून २२७ वेळा पडले ते कॅमेऱ्यात सापडलं, २०१३ ला लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकामधी छापून आलंय, त्यात सगळ्यात जास्त, ४१ टक्के, अंगाचा भार चुकीच्या बाजूला गेल्यानं पडले, अडखळून २१ टक्के अन् घसरून फक्त ३.

नंतर फिजिशियनकडं नेलं. त्यांनी आईचा बीपी आधी झोपवून घेतला, १५०, मग उभं करून तीन मिनिटांत परत घेतला, ११८. वरचा आकडा २० नं जरी उतरला तरी उठताना चक्कर येऊ शकते, हिचा तर ३२ नं उतरला. आश्रमात बीपी दर आठवड्याला बघायचे पण बसवूनच. त्यात रात्रीची झोपेची गोळी, ती कुणी कधी चालू केली फायलीत सापडेना. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, झोपेची हळूहळू कमी करत आणली (ती एकदम आपल्या मनानं बंद करू नका कुणी).

मावशींना दोष देणार नाही मी, रात्री दोघीजणी अन् माणसं तीस, कुणाकुणाला धरतील. पण हात असलेली जड लाकडी खुर्ची मागितली ती मिळायला महिना गेला, शेवटी आमच्या घरचीच नेऊन ठेवली.

मॅडमनं आईला एक सवय लावली, वळताना पाय उचलून बारकी बारकी पावलं टाकायची अन् दोन्ही पोटऱ्यांना खुर्ची लागल्याशिवाय बसायचंच नाही. परवा गेले तर खुर्चीपुढं उभी, मागं न बघता मला विचारायली, "लागली बाई खुर्ची, बसू का आता?"