फिशटँकची मोटर आणि बाबांची झोप

आमच्याकडे फिशटँक हॉलमध्ये आहे आणि बाबांचा दिवाणही हॉलमध्येच. वन बीएचकेत दुसरीकडे जागा काढणार कुठे? टाकी लेकाच्या हट्टाने आली: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. त्यात गप्पी आणि मॉली. दुकानातून सोबत आलेलं हवेचं मशीन पहिल्या रात्रीपासून बाबांच्या उशाशी घुमायला लागलं. सकाळी चहाला ते म्हणाले, "अगं, मासे झोपतात. हे मशीन झोपत नाही."

"मग रात्री बंद करा ना!" हा सल्ला घरी येणारा प्रत्येकजण देतो. तो मोडीत काढावा लागतो. त्या मशीनच्या हवेनेच पाणी फिल्टरमधून फिरतं, आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या घाणीतून निघणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांना सतत वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. रोज सात-आठ तास प्रवाह बंद ठेवला तर ते मरायला लागतात आणि सकाळी बटण दाबल्यावर स्पंजमध्ये कुजलेलं सगळं टाकीत येतं. शिवाय टाकीत खऱ्या वनस्पती असतील तर अंधारात त्याही प्राणवायू वापरतात. म्हणजे रात्री मोटर हवीच, फक्त ऐकू येता कामा नये.

हवेच्या मशीनमध्ये एक लोहचुंबक लावलेली पट्टी असते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती पट्टी सेकंदाला ५० वेळा हलते आणि रबराचा पडदा दाबून हवा ढकलते. ती घरघर कमी करता येते, संपवता येत नाही. मी मशीन हातात उचलून धरलं तेव्हा आवाज निम्म्याहून कमी झाला, म्हणजे उरलेला आवाज टाकीखालचं प्लायवूडचं पोकळ कपाट काढत होतं! जुन्या स्पंजच्या तुकड्यावर मशीन ठेवलं, नळी कपाटाच्या कडेला टेकणार नाही अशी घेतली, चोंदलेला एअरस्टोन, म्हणजे नळीच्या टोकाचा बुडबुडे काढणारा सच्छिद्र खडा, बदलला (हवेला वाट मिळाली नाही की पडद्यावर ताण येऊन मशीन जास्त कुरकुरतं). बराच फरक पडला. मशीन पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन मशीनमध्ये आणि तिथून फरशीवर. एवढं सगळं करूनही बाबांना ती बारीक गुणगुण ऐकू यायचीच. म्हातारपणी कान मंद होतात म्हणतात. आमच्याकडे तसं काही दिसत नाही.

मग पाण्यात बुडवायची, पाणी स्वतःच स्पंजमधून खेचणारी मोटर घ्यायची ठरवली. त्याआधी घरी हिशोब केला. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं, म्हणजे आमची टाकी ५६ लिटरची. तळाची वाळू आणि वरची रिकामी जागा सोडली तर जेमतेम ४५. तासाला चार-पाच वेळा पाणी फिल्टरमधून फिरलं तरी पुष्कळ, म्हणजे साधारण १८० ते २२५ लिटर. खोक्यावरचा आकडा मात्र स्पंज नसताना आणि पाणी वर चढवायचं नसताना मोजलेला असतो, म्हणून ३०० ते ४०० लिटरची मोटर बघायची.

दुकानदार हजार लिटरच्या खाली यायलाच तयार नव्हता. "ताई, मोठी घ्या, पाणी एकदम काचेसारखं राहील." राहील हो, पण गप्पींच्या एवढ्या मोठ्या शेपट्या, त्या दिवसभर प्रवाहाशी कुस्ती खेळत बसणार का? आणि जास्त ताकदीच्या मोटरची थरथरही सहसा जास्त. त्याने वरून बसवायचा टॉप फिल्टरही दाखवला. दुकानात दिसायला सुरेख. पण त्यातून पाणी उंचावरून टाकीत पडतं, बाष्पीभवनाने पातळी खाली गेली की ती धार आणखी उंचावरून पडते, आणि रात्री दोन वाजता त्या आवाजाने घरातलं प्रत्येकजण एकदा तरी बाथरूमला जाऊन येईल.

खोक्यांवर डेसिबलचे आकडे असतात. ते किती अंतरावरून मोजले, हे लिहिलेलं मला एकाही खोक्यावर दिसलं नाही. त्यात आवाज मोजायची नेहमीची 'डीबीए' पद्धत खालच्या पट्टीतला आवाज मुळातच कमी धरते, आणि मोटरची घरघर नेमकी त्याच पट्टीतली. मोबाइलवरच्या ॲपचाही म्हणून उपयोग नाही. मी दुकानदाराला सांगितलं, बादलीत पाणी घ्या आणि मोटर चालवून दाखवा. कोरडी चालवायची नाही, कारण पाणी हेच तिचं वंगण. रस्त्यावरच्या रिक्षांच्या गोंगाटात कानाला काय कळणार? म्हणून बादलीला बाहेरून तळहात लावला. एका मोटरने बादली झिणझिणली, दुसरीचं जवळपास काहीच जाणवलं नाही. सुरू होताना दोन-चार सेकंद खडखड झाली तर हरकत नाही, आतली हवा निघून गेली की ती खडखड थांबते.

मग बटण बंद करून दोन्हींची पुढची टोपी उघडायला लावली. आत इंपेलर, म्हणजे लोहचुंबकाचा छोटा दंडगोल आणि त्याला पाती. शांत मोटरचा दांडा सिरॅमिकचा होता आणि दोन्ही टोकांना रबरी बुश. दुसरीत दांडा बारीक स्टीलचा आणि इंपेलर बोटाने हलवला तर ढिला. तिथेच ठरलं. डीसी, म्हणजे ॲडॉप्टरवर चालणारी मोटरही पाहिली. ती खरंच आणखी शांत आणि वेग कमी-जास्त करता येतो. पण किंमत तीन-चार पट, वर ॲडॉप्टर आणि कंट्रोलर या बिघडायला दोन जास्तीच्या वस्तू. पन्नास लिटरला मला ते पटलं नाही. मोठी टाकी असती तर घेतली असती.

घरी मोटर काचेला चिकटवली ती तळाला टेकणार नाही अशी, आणि तोंड पृष्ठभागाच्या किंचित खाली, म्हणजे पाणी नुसतं हलतं, उडत नाही. वायर प्लगकडे नेताना खाली झोल ठेवला, म्हणजे ओघळणारा थेंब बोर्डापर्यंत जात नाही. टाकीत हात घालायचा तर आधी प्लग काढायचा, हा नियम लेकाकडून पाठ करून घेतला आहे.

आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो तसाच इंपेलरवरही बसतो आणि काही आठवड्यांनी मोटर बोलायला लागते. इंपेलर काढून व्हिनेगरमध्ये तासभर ठेवायचा, जुन्या टूथब्रशने दांडा आणि खाच घासायची, धुऊन परत बसवायचा. स्पंज मात्र नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर जिवाणू जातात. मोटरसोबत जास्तीचा एक इंपेलर आणि रबरी सक्शन कप तेव्हाच घेऊन ठेवले. कप कडक झाले की काचेला थरथर लागते.

एक भानगड अजून बाकी आहे. लाइट गेली की मोटर इन्व्हर्टरवर जाते, आणि आमचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे झटक्याझटक्याने वर-खाली होणारी वीज देणारा. त्या विजेवर हीच शांत मोटर घूं घूं करते आणि गरमही होते. प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे नेहमीच्या विजेसारखी सलग वीज देणारा इन्व्हर्टर घेतला तर प्रश्न मिटेल, पण त्याचा खर्च टाकी, मासे आणि मोटर मिळूनही होणार नाही एवढा. सध्या त्या बोर्डाची लाइन इन्व्हर्टरवरून काढून घेतली आहे. तास-दोन तास मोटर थांबली तर एवढ्या कमी माशांना काही होत नाही. त्याहून जास्त वेळ लाइट गेली तर बाबाच पेल्याने टाकीतलं पाणी वरून टाकीत ओतत बसतात.