मुलांजेतली तूर

बुधवार, रात्र

चिपेरोनी अजून हटायला तयार नाही. जून-जुलैत मोझांबिकच्या बाजूने धुकं आणि भुरभुर पाऊस येतो, त्याला इथे हे नाव. मलावीतला हा मुलांजेचा डोंगर, ३,००० मीटरचा, अख्खा गायब आहे. यवतमाळहून निघताना आईने बळंच बॅगेत कोंबलेला स्वेटर आता अंगातून निघत नाही.

दिवस बोअरवेलच्या हातपंपापासून सुरू होतो. रांगेत प्रत्येकीशी सावकाश बोलल्याशिवाय बादली पुढे सरकत नाही. घाई केली की उर्मट ठरतो माणूस. मग शाळा. १९९४ पासून प्राथमिक शिक्षण मोफत झालं, पोरं आली, पण खोल्या आणि शिक्षक त्या मानाने वाढले नाहीत. माझ्या वर्गात मागची मुलं भिंतीला टेकून जमिनीवर बसतात आणि फळा नीट दिसत नाही म्हणून एकमेकांच्या वहीतून अपूर्णांक उतरवतात. चुकाही तशाच उतरतात, रांगेने. उरलेला वेळ पाणी, जळण, फोन चार्ज करून आणणं, मका दळायला चिगायोवर, म्हणजे गिरणीवर जाणं यातच जातो. स्वयंसेवक हा शब्द फार भारदस्त आहे. माझं निम्मं काम स्वतःला जेवू घालण्याचं.

आज मात्र शाळेतून आल्यावर शेजारच्या अमायींच्या (इथे मोठ्या बाईला असं म्हणतात) अंगणात होते. वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगा भिजायला लागल्या होत्या, त्या पाटीत भरून आत नेल्या. इथे तिला नांदोलो म्हणतात. पहिल्या पावसात मक्यासोबत पेरतात, मका एप्रिल-मेमध्ये निघतो आणि तूर शेतात उभीच राहते. चूल पेटते तीही तुराट्यांवर. पहिल्यांदा तो धूर नाकात गेला तेव्हा मला क्षणभर कुठे आहे तेच कळेना. डाळ मात्र करत नाहीत. सालासकट अख्खे दाणे शिजवतात, मीठ-टोमॅटो घालून, आणि न्सिमासोबत, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्यासोबत, बोटांनी खातात. वरणाची सवय असलेल्या मला आधी ते कच्चंच वाटायचं. आता आवडतं, पण जिरं-हिंगाच्या फोडणीची आठवण येतेच.

शेंगा सोलता सोलता अमायींनी नेहमीचा प्रश्न विचारला: इंडिया यंदा भाव देणार का? जणू मी दिल्लीत बसून ठरवते. पण प्रश्न खुळा नाही. २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि इथले भाव कोसळले. २०२१ मध्ये मलावीशी करार झाला, वर्षाला ५०,००० टन तूर घेण्याचा, पाच वर्षांसाठी. अमायींना आकडे ठाऊक नाहीत. फिरता व्यापारी कधी तोंड वाकडं करतो ते ठाऊक आहे.

संध्याकाळी बाबांना फोन लावला. तिकडे रात्र झालेली, साडेतीन तासांचा फरक. शेंगांचं सांगितलं तर म्हणाले, "तिकडची तूर बंदरात उतरली का इकडं आपला भाव पडते. तू कोणाच्या बाजूनं हायेस?" हसत म्हणाले, पण अगदीच हसण्यावारी नव्हतं ते. इथली तूर ऑगस्ट-सप्टेंबरपासून तिकडे पोचते, आमची निघते डिसेंबर-जानेवारीत. नवा माल यायच्या तोंडावर गोदामं भरलेली असतात. दोघांचंही शेत लहान, दोघांनाही भाव दुसराच कोणीतरी सांगतो. मी बाबांना एवढंच म्हटलं की इथेही तुराट्यांवरच चूल पेटते. त्यांनी लगेच विचारलं, "अन् पेरणीत अंतर किती सोडतेत?" उद्या मोजून सांगते म्हटलं.

अमायींनाही उद्या मी हवी आहे. व्यापारी येणार आहे, त्याच्या काट्यावर गावात कोणाचाच विश्वास नाही. मी शेजारी उभं राहून वजन वहीत लिहायचं, असं ठरलं आहे. शाळा दुपारी सुटते, तोवर तो थांबला म्हणजे झालं.