अखेर एकोणसत्तर सुटलं

घरीच शिकणाऱ्या आमच्या मोठ्या मुलाला ऐकून आकडे लिहिता येत नाहीत, हे मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यावर "आपोआप येईल गं, घाई कशाला" म्हणून धीर देणाऱ्या सगळ्याजणींना आधी सांगते, आपोआप काहीही आलं नाही. सनबोर्डची (फोमच्या हलक्या, जाड बोर्डाची) एक पट्टी सरकवावी लागली. त्या पट्टीसाठीच हे एवढं लिहायला बसलेय. बाकीचा आठवडा शेवटी दोन ओळींत उरकते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. आमच्या मोठ्याला 99 पर्यंतचे आकडे बघून ओळखता येतात, पण ऐकून लिहायचे म्हटले की घोळ. घोळ दोन जातींचा. पहिला सगळ्यांकडे होतो तो, उलटापालटीचा: "पंचवीस" म्हटलं की कानावर आधी पाच पडतो, म्हणून 52. "त्रेसष्ट" म्हटलं की 36. दुसरा घोळ एकोणवाल्यांचा, आणि तो महा चिवट. "एकोणसत्तर" म्हटलं की साहेब ठामपणे 79 लिहितात. नऊ तर ऐकू आला, सत्तरही ऐकू आले, मग चुकलं कुठे, असा चेहरा वर.

आमच्या चर्चमध्ये गीतांचे क्रमांक फळीवर लावत नाहीत, पाळकसाहेब तोंडी सांगतात. त्यामुळे दर रविवारी या घोळाची जाहीर परीक्षा. सगळी मंडळी 69 गाताहेत आणि आमचा बाळ 79 वर बोट ठेवून वेगळेच शब्द शोधतोय. संडेस्कूलमध्येही तेच. बायबलच्या जुन्या करारात 39 पुस्तकं हे त्याला तोंडपाठ आहे, "एकोणचाळीस" म्हणतोही खणखणीत, आणि वहीत लिहितो 49. नव्या करारातली 27 मिळवून बेरीज 66 यायला हवी, ती 76 येते. मग बाईंशी वाद.

साहित्याचं म्हणाल तर शंभर मण्यांची माळ झाली. मणी पुण्यातल्या बोहरी आळीतून आणले होते. स्वस्त पडले, पण भोकं सारखी नाहीत, दोऱ्यात अडकतात आणि मोजताना मुलाचं लक्ष मण्यावरून दोऱ्यावर जातं. लाकडी मण्यांवर जरा जास्त पैसे घाला, माझं ऐका. अप्पा बळवंत चौकातून तयार तक्ताही आणला. त्यात सदुसष्ट दोनदा छापलेलं, अडुसष्ट बेपत्ता. लॅमिनेशन मात्र झकास!

मग बालभारतीची वाट धरली. 2019 साली दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" असं (एकवीस, बावीसच्या जोडीने) वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. गणितज्ञ मंगला नारळीकर त्याच्या बाजूने उभ्या होत्या: जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी मुलं गणिताला उगाच घाबरतात, दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी येतं, मग आपल्याला काय हरकत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या कानडी काकू पंचवीसला "इप्पत्तैदु" म्हणतात, वीस आणि पाच. त्यांच्या नातवाला 52 लिहायचा मोहच होत नाही. मी घरात "साठ तीन, म्हणजे त्रेसष्ट" अशी जोडी सुरू केली. सासूबाई तडजोडीला तयार नव्हत्या.

"अगं, साठ तीन काय? भाजीवाल्याला असं सांगणार का तो?"

"आई, पूल आहे हा. पलीकडे गेला की सोडून देऊ."

"पूल आहे तर लवकर ओलांडू दे."

ओलांडलाही. 52 आणि 36 वाली भानगड त्या जोडीने जवळजवळ मिटली. पण एकोणवाले जागचे हलेनात. पट्टी हातात येईपर्यंत मलाही त्याचं कारण दिसत नव्हतं. "साठ तीन" आणि "त्रेसष्ट" यांत साठ तरी सामाईक आहे. "साठ नऊ" आणि "एकोणसत्तर" यांत काय सामाईक आहे? नावात सत्तर, अंकात सहा. मुलगा कानाने ऐकलेलं इमानदारीने लिहितोय आणि आपण त्याला चूक म्हणतोय.

आता पट्टी. छापील तक्त्याला कंटाळून मी 0 ते 99 चा तक्ता सनबोर्डवर स्वतः केला. पहिल्या ओळीत 0 ते 9, दुसरीत 10 ते 19, अशा दहा ओळी. उजव्या कडेला उभा नवांचा रकाना: 9, 19, 29, खाली 99 पर्यंत. कापताना तो रकाना वेगळा निघाला होता, म्हणून नुसताच टेकवून ठेवला होता. धाकटीने तो पळवला. मोठ्याने ओढून परत आणला आणि लावला डाव्या बाजूला, तोही एक घर खाली. 9 च्या शेजारी 10. 19 च्या शेजारी 20. 69 च्या शेजारी 70.

मी हात धुवायला निघाले होते, तिथेच थांबले. एकोणवीस-वीस-एकवीस. एकोणतीस-तीस-एकतीस. नावांची घरं अशीच तर आहेत! एकोणतीस नावाने तिशीच्या घरातलं, अंकाने विशीच्या. पट्टी उजवीकडे असली की लिहायचं घर दिसतं, डावीकडे आली की म्हणायचं घर. त्याला म्हटलं, एकोणसत्तर म्हणजे सत्तरच्या अलीकडचा शेजारी. आता पट्टी परत जागेवर ने. त्याने नेली, 69 वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मग हा साठवाल्यांकडे राहतो आणि आडनाव सत्तरवाल्यांचं लावतो."

मी यापेक्षा बरं समजावू शकले नसते.

पट्टी डावीकडे असताना एक गंमत होते. 99 खाली लोंबकळतो, कारण त्याच्या शेजारी ओळच नाही. मोठ्याने लगेच विचारलं, "आई, हा एकोणशंभर का नाही?" कारण तो आडनाव बदलत नाही, नव्वदवाल्यांचाच राहतो: नव्व्याण्णव. मग हरवलेल्या मेंढराचा दाखला आपसूकच निघाला, मेंढपाळ नव्व्याण्णव मागे ठेवून एकाला शोधायला गेला तो. मोठ्याचं म्हणणं पडलं, की त्या दिवशी तक्ता पुरा भरला होता, फक्त शंभरावं घर रिकामं होतं.

त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेत मुद्दाम स्तोत्र एकोणनव्वद काढायला सांगितलं. आधी 90 उघडलं, मग स्वतःच एक पान मागे आला. शेवटच्या वचनाचा क्रमांक बघून म्हणाला, "52. बावन्न. पंचवीस नाही." आजींनी त्याला शेंगदाण्याची चिक्की दिली. पूल ओलांडल्याबद्दल, म्हणे.

बाकी आठवडा: धाकटी "म" आणि "भ" यांच्यात अडकलीय, मी मध्ये पडत नाहीये. वादळ शांत केल्याच्या गोष्टीचं नॅरेशन (ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं) झालं, त्यात शिष्य छत्री विसरले होते. भिडे पूल पाण्याखाली गेला तो बघून आलो, निसर्गवहीत तपकिरी खडू संपला. मेसनबाईंचा (शार्लट मेसन, जुन्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ) छोट्या धड्याचा नियम पाळला, 20 मिनिटांच्या वर तक्ता हातात दिला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मोठा स्वतःच मागत आला. राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या (शाळेत न जाता परीक्षा देता येते ते) पाचवीला 10 वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा त्या विषयाला अजून वेळ आहे. विचारणाऱ्या नातेवाइकांना मी सध्या एवढंच सांगते.

पुढच्या आठवड्यात हातच्याची वजाबाकी घ्यायची ठरवली होती. पण हे लिहितानाच सुचलं, की आधी पर्वतीची टेकडी चढावी. 103 पायऱ्या आहेत. मोठ्या आवाजात आकडे म्हणत चढायचं आणि प्रत्येक एकोणला थांबायचं: पुढची पायरी तीस, आपण एक पायरी खाली. तक्त्यावर जे डोळ्यांना दिसलं ते पायांनाही कळेल. पाऊस थांबला तर शनिवारी सकाळी, नाहीतर आमच्या सोसायटीचा जिना, फक्त तिथे शंभर पायऱ्या भरत नाहीत, दोनदा चढावं लागेल. वजाबाकी थांबेल.

पट्टीला आधी चुंबक लावणार होते, पण सनबोर्डवर त्याचा उपयोग नाही, मागे पत्रा लागेल आणि तक्ता जड होईल. वेल्क्रोच लावते. सनबोर्ड अजून उरलाय, दोन तक्ते सहज निघतील. कोथरूड-कर्वेनगर बाजूच्या कुणाला हवा असेल तर सांगा, कापून ठेवते. वेल्क्रो ज्याचा त्याने आणायचा.